द्वंद्वगीत : जोडी कोणाची, गाणे कोणाचे?

दोघांनी मिळून म्हटलेल्या गाण्याला मराठीत दोन शब्द आहेत. एक युगुलगीत आणि दुसरा द्वंद्वगीत. अर्थाने दोन्ही सारखेच, पण दुसऱ्या शब्दात एक गंमत आहे. शाळेत आपण शिकलो तो द्वंद्व समास म्हणजे जोडी : आईवडील, रामलक्ष्मण. आणि द्वंद्वयुद्ध म्हणजे भीम-जरासंधाची झुंज. जोडी आणि झुंज हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदवणाऱ्या आपल्या भाषेचे मला कौतुक वाटते. एका अमेरिकन जोडीची गाणी गेली काही वर्षे ऐकताना हा शब्द वारंवार आठवत राहिला. त्या जोडीचे नाव 'द सिव्हिल वॉर्स', म्हणजे आपल्या भाषेत यादवी.

ही जोडी फुटून आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मग आज तिच्यावर लिहायचे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, एक गिटार, दोन आवाज आणि पाठीशी एकही मोठी कंपनी नाही, अशा स्थितीतून चार वर्षांत बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकापर्यंत पोचलेली आणि तिथे पोचेपर्यंत एकमेकांशी न बोलण्याइतकी दुरावलेली ही दोन माणसे, द्वंद्वगीत म्हणजे काय याचा एक मोठा धडा मागे ठेवून गेली आहेत. आपण मंडळाच्या कार्यक्रमांतून हौसेने द्वंद्वगीते गाणारी माणसे. तेव्हा हा धडा आपल्याही कामाचा आहे असे मला वाटते.

प्रथम ओळख करून देतो. जॉय विल्यम्स ही कॅलिफोर्नियात वाढलेली, कोवळ्या वयातच ख्रिस्ती भक्तिपर पॉप संगीतात नाव मिळवलेली गायिका. जॉन पॉल व्हाइट हा अलाबामा-टेनेसीच्या सीमेवरच्या गावांत वाढलेला, कंट्री संगीताच्या मुशीतला गीतकार-गायक. २००८ साली नॅशव्हिलमध्ये गाणी लिहिण्यासाठी बोलावलेल्या एका बैठकीत दोघांची गाठ पडली. नॅशव्हिलमध्ये गाणी अशीच तयार होतात. आपण सॉफ्टवेअरवाले जसे मीटिंगला बसतो तसे दोन-तीन अनोळखी गीतकार सकाळी एका खोलीत बसतात आणि दुपारपर्यंत गाणे घेऊन बाहेर पडतात. त्या दिवशी गाण्यापेक्षाही एक गोष्ट दोघांच्या लक्षात आली. एकाने सूर लावला की दुसऱ्याचा सूर आपोआप त्याच्या शेजारी येऊन बसतो.

त्यांच्या संगीताला 'इंडी फोक' म्हणतात. 'इंडी' म्हणजे स्वतंत्र, मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेरचे. 'फोक' म्हणजे लोकसंगीत खरे, पण ही परंपरेने आलेली लोकगीते नव्हेत. गाणी नवी आणि पोशाख लोकगीताचा, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे एखाद्या कवीने ओवीच्या चालीवर स्वतःची कविता लिहावी, त्यातलाच हा प्रकार.

आता त्यांच्या यशाचा हिशेब मांडतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांना त्यात रस वाटेल. जॉर्जियात अटलांटाला लागून असलेल्या डिकेटर गावी 'एडीज अॅटिक' नावाची एक छोटी बैठकीची जागा आहे. तिथे २००९ मध्ये, अगदी सुरुवातीच्या दिवसांत, त्यांनी कार्यक्रम केला, त्याचे ध्वनिमुद्रण केले आणि ते लोकांना फुकट डाउनलोड करायला दिले. कंपनीच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा. पण गाणे फुकट घेऊन गेलेला माणूस पुढे तिकीट काढून कार्यक्रमाला आला. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत त्यांचे 'पॉयझन अँड वाइन' हे गाणे 'ग्रेज अॅनाटमी' या दूरदर्शन मालिकेत वाजले आणि एका रात्रीत लाखो घरांत पोचले. टेलर स्विफ्टने त्या गाण्याची जाहीर तारीफ केली. फेब्रुवारी २०११ मध्ये 'बार्टन हॉलो' हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम 'सेन्सिबिलिटी म्युझिक' या त्यांच्या स्वतंत्र लेबलखाली निघाला आणि बिलबोर्डच्या तक्त्यात थेट बाराव्या क्रमांकावर आला. पुढे त्याने पाच लाख प्रतींचा 'गोल्ड' दर्जा गाठला. अॅडेलच्या कार्यक्रमात आरंभीची गाणी गाण्याची संधीही त्यांना मिळाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये दोन ग्रॅमी मिळाली : एक उत्कृष्ट फोक अल्बमचे आणि दुसरे कंट्री विभागातल्या जोडीच्या गायनाचे.

यातले अर्थकारण साधे आहे. वाद्यवृंद नाही, ढोल-ताशे नाहीत, दहा माणसांची विमानभाडी नाहीत. एक गिटार, प्रसंगी पियानो आणि दोन माणसे. तो काळ्या सुटात, ती गाऊनमध्ये, जणू एखाद्या जुन्या फोटोतून उतरलेली. खर्च कमी असल्यामुळे छोट्या सभागृहातला कार्यक्रमही परवडतो आणि मालकी स्वतःची असल्यामुळे येणारा पैसा फारसा वाटला जात नाही. आपल्याकडे सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांच्या, २००३ साली सुरू झालेल्या 'आयुष्यावर बोलू काही' या कार्यक्रमाने असेच काहीसे करून दाखवले. एक संगीतकार, एक कवी, थोडी वाद्ये आणि हजाराहून अधिक प्रयोग. त्यांच्या अमेरिकेतल्या दौऱ्यांत आपल्यापैकी अनेकांनी हा कार्यक्रम ऐकला असेल. थोडक्यात, जोडी हा कमी भांडवलाचा धंदा आहे. पण त्यात सगळे भांडवल दोन माणसांतच गुंतलेले असते, आणि पुढच्या गोष्टीचे बीज तिथेच आहे.

पण नुसत्या हिशेबाने गाणे चालत नाही. 'पॉयझन अँड वाइन' मध्ये असे काय आहे? नवराबायकोंमधल्या, वर्षानुवर्षे मुरलेल्या, ओढ आणि वैताग एकत्र असलेल्या नात्याचे हे गाणे. एक ओळ तो म्हणतो, एक ती. दोघे एकमेकांपासून काय लपवतात आणि एकमेकांना किती पुरते ओळखतात, याची जणू उलटतपासणी चालते. मग दोघे एकत्र येतात आणि एकच परस्परविरोधी कबुली पुन्हा पुन्हा देत राहतात. शब्द थोडे, चाल संथ. गाण्याची उंची वाढते ती वाद्यांनी नव्हे, तर तीच कबुली दर वेळी थोड्या अधिक जोराने म्हटल्यामुळे. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतल्या अमेरिकन द्वंद्वगीतांत हे फार वरचे गाणे आहे. दोघांपैकी एकाने ते एकट्याने म्हटले तर ती तक्रार होईल. दोघांनी म्हटल्यामुळे तो संसार होतो.

ही किमया समजून घेण्यासाठी 'हार्मनी'विषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्या पिढीच्या मराठी कानाला तिची सवय नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात द्वंद्वगीत बसवताना पहिला वाद होतो तो पट्टीचा. पुरुष साधारण काळी एकमध्ये सुखी, बाई काळी चार-पाचमध्ये. मग मध्ये कुठेतरी तडजोड करायची. तो वरच्या पट्टीत ओरडतो, ती खालच्या पट्टीत पुटपुटते आणि पेटीवाला दोघांच्याही शिव्या खातो. असे होते, कारण आपल्या गाण्यात चाल एकच असते आणि दोघांनाही तीच म्हणायची असते. हार्मनीत तसे नसते. त्याच क्षणी तो 'सा'वर असला तर ती 'ग'वर असू शकते. दोघांच्या दोन वाटा असतात, पण त्या एकमेकींना धरून चालतात. दोन स्वर एकदम वाजण्याचा आनंद आपल्याला अपरिचित नाही. तंबोऱ्याच्या पंचम-षड्जात तो आपण अनुभवतोच. फरक एवढा की तंबोऱ्यातली जोडी एका जागी स्थिर असते आणि इथे ती दर शब्दाला जागा बदलते.

आपली इथे वाढलेली मुले शाळेच्या क्वायरमध्ये हे सहज शिकतात. घरी आईबाबांबरोबर आरती म्हणताना एखादी मुलगी मध्येच वेगळा सूर लावते आणि आजी म्हणते, "अगं, चुकतेयस." ती चुकत नसते. आरतीच्या चालीशेजारी ती दुसरी वाट शोधत असते. सिव्हिल वॉर्ससारखी गाणी आपण मुलांबरोबर बसून ऐकली तर त्यांच्या कानात काय चालले आहे ते आपल्याला थोडे कळेल.

हार्मनीचा आणखी एक नियम आहे. दोघांपैकी एकाला हमखास माघार घ्यावी लागते. दोन्ही आवाज सारख्या जोराने पुढे आले तर नुसता गलका होतो. जॉय विल्यम्स पुढे आली की व्हाइटचा आवाज कुजबुजीपर्यंत खाली येतो, आणि तो पुढे सरसावला की ती स्वराची नुसती किनार लावते. हे लिहून ठेवता येत नाही. त्यासाठी समोरच्याचा श्वास ऐकावा लागतो. श्रोत्यांना भुरळ पडली ती याचीच. या दोघांचे लग्न झालेले असणार, अशी असंख्य लोकांची समजूत होती. प्रत्यक्षात दोघांचेही संसार आपापल्या ठिकाणी वेगळे होते. पण रंगमंचावर ते एकमेकांकडे ज्या नजरेने पाहत त्यामुळे, आपण कुणाच्या तरी घरात चोरून डोकावतो आहोत असे श्रोत्यांना वाटे.

इथे मला एक प्रश्न पडतो. बाजाराने नेमके काय विकत घेतले? गाणे, की जवळीक?

या प्रश्नाला अमेरिकेत जुना इतिहास आहे. इथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत भावाभावांनी हार्मनीत गाण्याची परंपरा होती. अलाबामाचे लूव्हिन बंधू, आयरा आणि चार्ली, १९६३ मध्ये फुटले. डॉन आणि फिल या एव्हर्ली बंधूंचे आवाज असे बेमालूम मिसळत की कोणता कोणाचा ते कळत नसे. त्यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात, चालू कार्यक्रमात, रंगमंचावरच काडीमोड घेतला आणि पुन्हा एकत्र गायला त्यांना दहा वर्षे लागली. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जी मंडळी इथे आली त्यांना सायमन आणि गारफंकेल आठवत असतील. त्यांचा १९६४ चा पहिला अल्बम अजिबात चालला नाही. मग निर्माता टॉम विल्सनने दोघांना न विचारताच 'साउंड ऑफ सायलेन्स'वर विजेची गिटार आणि ड्रम चढवले आणि जानेवारी १९६६ मध्ये ते गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. १९७० मध्ये, यशाच्या अगदी शिखरावर, तीही जोडी फुटली. १९८१ च्या सप्टेंबरात सेंट्रल पार्कमध्ये ते दोघे पुन्हा गायले तेव्हा सुमारे पाच लाख माणसे जमली. इतकी माणसे काय ऐकायला आली होती? गाणी तर प्रत्येकाच्या घरात तबकडीवर होती. ती आली होती दोघांना एकत्र उभे असलेले पाहायला.

अमेरिकन जोडीत गाणे त्या दोन माणसांना असे चिकटलेले असते. तेच लिहितात, तेच वाजवतात, तेच गातात. म्हणून जोडी फुटली की गाणे अनाथ होते. आपल्याकडची व्यवस्था निराळी आहे. 'शुक्रतारा मंद वारा' हे आपले सर्वांचे लाडके द्वंद्वगीत घ्या. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. म्हणजे एका द्वंद्वगीतामागे चार माणसे. पुढे अरुण दात्यांनी 'शुक्रतारा' याच नावाने वर्षानुवर्षे कार्यक्रम केले आणि त्यांच्यासोबत अनेक गायिका ते गाणे गायल्या. कोणालाही त्यात खटकले नाही. दाते २०१८ मध्ये गेले, तरी गाणे थांबलेले नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही गावी कोजागिरीला मराठी कुटुंबे जमली की कोणीतरी जोडपे उठते आणि ते म्हणते. आवाज बरा असो वा नसो, त्या पाच मिनिटांपुरते गाणे त्यांचे असते.

मात्र यावरून आपली पाठ थोपटून घ्यायची मला घाई नाही. आपल्या द्वंद्वगीतात एक कडवे तो म्हणतो, एक ती म्हणते आणि ध्रुवपदाला दोघे एका सुरात भेटतात. त्यात संवाद असतो, पण एकमेकांच्या आवाजाला आवाज टेकवून उभे राहणे फारसे नसते. अलीकडे तर चित्रपटांतली द्वंद्वगीते पुष्कळदा दोघे वेगवेगळ्या दिवशी येऊन ध्वनिमुद्रित करतात आणि त्यांची भेट संगणकातच होते. सिव्हिल वॉर्स ऐकताना जे मिळते ते आपल्या द्वंद्वगीतात मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. दोन माणसे एकाच खोलीत, एकाच वेळी, एकमेकांना ऐकत गात आहेत ही खात्री फार मोलाची असते.

ही खात्री आपल्याकडे कधी नव्हतीच असे मात्र नाही. ती जात्यावर होती. पहाटे दोघीजणी जात्याच्या दोन बाजूंना बसत, एकच खुंटा दोघी धरत, मुठीने दाणे घालत आणि ओवी म्हणत. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने सूर धरायचा. माहेर, भाऊ, पंढरपूर, नवऱ्याचा जाच, मेलेले लेकरू असे सगळे त्यात येई. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी अनेक वर्षे गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'परी' या संस्थेने २०१७ पासून त्या सर्वांना ऐकता येतील अशा उपलब्ध करून दिल्या आहेत. इथली खरी 'फोक' द्वंद्वगीते म्हणजे या ओव्या. त्यांना श्रोता नव्हता. फार तर पाळण्यातले मूल ऐके. त्या बायका कोणाला जवळीक दाखवत नव्हत्या. ती त्यांच्यात होतीच, आणि जड जाते एकटीने ओढवत नाही ही त्यामागची साधी गरज होती.

सिव्हिल वॉर्सची अडचण मला इथे दिसते. श्रोताच नसल्यासारखी जवळीक त्यांनी हजारो श्रोत्यांसमोर, रोज रात्री, नव्या शहरात उभी करायची होती. जात्यावरच्या बाईला दुसरीशी पटले नाही तर ती त्या दिवशी मुकाट्याने दळील. ज्यांची जोडी हाच माल आहे त्यांना गप्प बसायची सोय नसते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये, इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, त्यांनी उरलेले सगळे कार्यक्रम रद्द केले. आपसातले मतभेद आणि महत्त्वाकांक्षांतला न मिटणारा फरक, असे कारण जाहीर केले. त्यामागे कोणी काय केले या चर्चेत मला रस नाही. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे. दुसरा अल्बम तोपर्यंत बराचसा तयार झाला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये तो बाहेर आला, या वेळी कोलंबिया या बड्या कंपनीच्या साथीने. त्याला नाव दिले होते फक्त 'द सिव्हिल वॉर्स'. पहिल्याच आठवड्यात सुमारे १ लाख १६ हजार प्रती खपल्या आणि अल्बम बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर गेला. प्रचारासाठी एकत्र कार्यक्रम नाही, दौरा नाही. दोन माणसे एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्यांचे द्वंद्वगीत देशात सर्वाधिक खपते आहे! पुढच्या जानेवारीत त्यातल्या 'फ्रॉम धिस व्हॅली'ला पुन्हा जोडीच्या गायनाचेच ग्रॅमी मिळाले.

हा दुसरा अल्बम मी अनेकदा ऐकला आहे. पहिल्या 'बार्टन हॉलो'त दोष आहेत. एकाच संधिप्रकाशातली गाणी लागोपाठ येतात आणि मधल्या भागात एकसुरीपणा जाणवतो. शीर्षकगीतातला पापभीरू, दणकट ब्लूज येतो तेव्हा श्रोता पुन्हा सावरून बसतो. पण तो अल्बम दोघांचा आहे, याविषयी शंका येत नाही. दुसऱ्यात विजेची गिटार आहे, ढोल आहेत, आवाज मोठे आहेत. 'द वन दॅट गॉट अवे' सारखी गाणी ताकदीची आहेत, पण त्यांच्यातली माघार कमी झाली आहे. दोघेही पुढे येतात. मधल्या रिकाम्या जागा वाद्यांनी भरल्या आहेत आणि जिथे पूर्वी श्वास ऐकू येई तिथे आता घुमारा आहे. 'फ्रॉम धिस व्हॅली' त्याला अपवाद आहे. ते जुन्या उपासनागीताच्या वळणाचे, मोकळ्या गळ्याचे गाणे आहे आणि मला या अल्बममध्ये तेच सर्वांत टिकाऊ वाटते. त्यातली भावना दोघांच्या नात्यावर अवलंबून नाही. ते कोणीही दोघांनी, चौघांनी, चर्चमध्ये किंवा शेतात म्हणावे असे आहे.

मात्र श्रोत्यांनी हा अल्बम ऐकला तो बातमी वाचल्यासारखा. कोणती ओळ कोणाला उद्देशून आहे, कोण कोणावर रागावले आहे, याचा शोध सुरू झाला. वास्तविक यांतली बरीचशी गाणी भांडण जाहीर होण्याआधीच रेकॉर्ड झालेली. पण ज्या बाजाराने जवळीक विकत घेतली होती त्याने दुरावाही त्याच किमतीत विकत घेतला. या यशाची ही बाजू मला अस्वस्थ करते. पहिल्या क्रमांकापर्यंत अल्बमला गाण्यांनी किती नेले आणि कुतूहलाने किती, हे वेगळे काढता येत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी कायमचा निरोप घेतला.

जोडी म्हटली की ती फुटणारच, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. नॅशव्हिलमध्येच जिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज ही जोडी आहे. पहिला अल्बम 'रिव्हायव्हल' १९९६ चा. पुढे त्यांनी 'अॅकोनी' हे स्वतःचे लेबल काढले आणि २००१ मध्ये 'टाइम (द रेव्हलेटर)' हा, माझ्या मते फारच मोठा, अल्बम त्यावर दिला. त्यांच्या गाण्यांनी तक्त्यांचे शिखर गाठले नाही. पुष्कळ वर्षे तर कव्हरवर नाव फक्त वेल्चचे असे, रॉलिंग्ज शेजारी गिटार घेऊन उभा. मार्च २०२० च्या नॅशव्हिलच्या वादळात त्यांच्या वुडलँड स्टुडिओचे छप्पर गेले तेव्हा जुनी ध्वनिमुद्रणे वाचवायला दोघे धावले. त्याच वर्षी घरच्या घरी रेकॉर्ड केलेल्या जुन्या गाण्यांच्या अल्बमला आणि नंतर २०२४ च्या 'वुडलँड'ला, दोन्हींना फोक अल्बमची ग्रॅमी मिळाली. त्यांच्या टिकण्याचे रहस्य मला एका गोष्टीत दिसते. ते आपले नाते गात नाहीत. ते खाणकामगार, अनाथ मुले, दुष्काळ, जुने खून, आगगाड्या गातात. दोघांची नजर एकमेकांकडे नसून तिसऱ्या गोष्टीकडे आहे. जात्यावरच्या बायकांचीही तशीच होती.

आजच्या बाजाराने यातून वेगळाच मार्ग काढला आहे. २०२० मध्ये टेलर स्विफ्टने बॉन इव्हेअरबरोबर 'एक्झाइल' गायले. २०२३ मध्ये झॅक ब्रायन आणि केसी मस्ग्रेव्ह्ज यांचे 'आय रिमेम्बर एव्हरीथिंग' पहिल्या क्रमांकावर गेले. दोन्ही याच कुळातली गाणी : संथ चाल, थोडी वाद्ये, तुटलेले नाते आणि दोन बाजूंनी दोन आवाज. मात्र जोडी एका गाण्यापुरती. गाणे झाले की दोघे आपापल्या बसने निघून जातात. यात धोका कमी आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्या चित्रपटसंगीताची जुनी पद्धतही हीच. पण दोन आवाज वर्षानुवर्षे एकत्र मुरल्यावर जे येते ते यात येत नाही.

सिव्हिल वॉर्सने जाताना श्रोत्यांना एक गाणे फुकट भेट दिले. ज्या वाटेने ते आले होते त्याच वाटेने ते गेले. ते गाणे त्यांचे स्वतःचे नव्हते. 'यू आर माय सनशाइन' हे १९४० च्या सुमाराचे, पुढे लुइझियानाचे गव्हर्नर झालेल्या जिमी डेव्हिसने लोकप्रिय केलेले गाणे. आपल्या मुलांना ते किंडरगार्टनपासून पाठ असते. मूळ गाण्यातही दुःख आहे, पण आपण ते हसत हसत म्हणतो. या दोघांनी ते सावकाश, जवळजवळ विलापासारखे गायले आहे. भांडलेल्या दोन माणसांना निरोपासाठी स्वतःचे एकही गाणे वापरता आले नाही. कोणाचेच नसलेले आणि म्हणून सगळ्यांचे असलेले गाणे त्यांच्या कामी आले, हे मला फार बोलके वाटते.

म्हणून माझे मत असे आहे की, द्वंद्वगीताची खरी परीक्षा ते मूळ जोडीशिवाय जगते की नाही ही आहे. त्या परीक्षेत 'फ्रॉम धिस व्हॅली' उत्तीर्ण होईल आणि 'पॉयझन अँड वाइन'ही व्हायला हरकत नाही, मात्र त्यासाठी लोकांनी ते गायला घ्यायला हवे, नुसते ऐकून भागणार नाही. आपल्या भावगीतांना हे भाग्य आपल्या हौशी मंडळींनी मिळवून दिले आहे. आता त्यांत हार्मनीची भर घालायला काय हरकत आहे? पुढच्या कार्यक्रमात 'शुक्रतारा' बसवाल तेव्हा पट्टीवरून भांडण्याऐवजी क्वायरमध्ये जाणाऱ्या आपल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बोलवा आणि ध्रुवपदाच्या वेळी दुसऱ्या आवाजाने कोणती वाट धरावी हे त्यांना विचारा. खळ्यांच्या चालीला धक्का लागेल अशी ज्यांना भीती वाटते त्यांनी आधी घरातल्या घरात करून पाहावे. मुलांनी सुचवलेली वाट जमली नाही तर आपला एकसूर आहेच.